शाळेच्या मागच्या भिंतीवरची संजा

या सदरातले अनुभव आमच्या घरी आई मोठ्याने वाचते आणि मी चहा पिता पिता प्रत्येकाचं काहीतरी साधं कारण काढते. वारा असेल, मांजर असेल, झोप अपुरी झाली असेल... आई चिडते. ‘तुला कशाचंच काही वाटत नाही ग,’ म्हणते. खरंच वाटत नव्हतं. अंगात येणं, नजर लागणं, स्वप्नात कुणीतरी येऊन सांगणं, या सगळ्या मला नेहमी दुसऱ्यांच्या घरच्या गोष्टी वाटायच्या. त्यामुळे आज मी स्वतःच इथे लिहायला बसले आहे याचं आईला फार आश्चर्य वाटतंय. मराठी आम्ही घरात बोलतो, पण माझं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालं, म्हणून हे लिखाण तिने तपासून दिलं आहे.

आम्ही देवासला राहतो. बाबा तरुणपणी जळगावहून इथल्या एका कारखान्यात नोकरीला आले, ते इथलेच झाले. मी इंग्रजीत एम.ए. केलं आणि गेली काही वर्षं एका सरकारी मुलींच्या हायस्कूलमध्ये अतिथी शिक्षक म्हणून इंग्रजी शिकवते. अतिथी शिक्षक म्हणजे दर सत्राला नव्याने नेमलेली. शाळा औद्योगिक भागाच्या मागच्या वस्तीत आहे. चार खोल्या, एक पत्र्याची शेड, एक लिंब, एक हातपंप. मुलींच्या आया पॅकिंगच्या लाइनवर उभ्या राहतात, वडील बांधकामावर किंवा वॉचमन. मुली घरचं पाणी भरून, स्वयंपाक करून शाळेत येतात. तिसऱ्या पिरियडला दोघी-तिघी बाकावर डोकं ठेवून झोपतात. मी त्यांना उठवत नाही.

मला मोठ्याने बोलता येत नाही, हेही सांगून टाकते. पहिल्याच महिन्यात दहावीतल्या खुशबूने सगळ्या वर्गासमोर विचारलं होतं, “मैडम, आप डाँटते क्यों नी हो? हमसे डर लगता है क्या?” वर्ग हसला. मीही हसले. भीती वाटतच होती.

ही गोष्ट मागच्या वर्षीच्या पितृपक्षातली आहे.

माळव्यात श्राद्धाच्या सोळा दिवसांत लग्न न झालेल्या मुली संजा मांडतात. रोज संध्याकाळी भिंतीवर शेणाने एक आकृती काढायची, ती फुलांच्या पाकळ्यांनी सजवायची, आरती करायची, गाणी म्हणायची. दुसऱ्या दिवशी ती खरवडून नवी काढायची. कोणत्या तिथीला काय काढायचं हे ठरलेलं असतं. पौर्णिमेला पाट, बीजेला बिजोरा, चौथीला चौपट म्हणजे सोंगट्यांचा पट, पंचमीला पाच कुंवारे म्हणजे पाच अविवाहित मुलगे, सप्तमीला सातिया म्हणजे स्वस्तिक, नवमीला म्हातारा-म्हातारी... असं करत शेवटी मोठा किलाकोट, म्हणजे तटबंदीचा किल्ला. आरती झाली की कुणीतरी झाकलेल्या डब्यात प्रसाद आणते आणि बाकीच्यांनी डबा हलवून आत काय आहे ते ओळखायचं. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अगं, ही तर आमची भुलाबाईच! फक्त आम्ही खिरापत ओळखायचो.”

वस्तीतल्या मुलींची अडचण अशी, की त्या भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि घरमालक भिंतीला शेण लावू देत नाहीत. म्हणून त्या वर्षी दहावीच्या मुलींनी शाळेची मागची भिंत मागून घेतली. कंपाउंडच्या आतली, लिंबाच्या पलीकडची. बड्या मॅडमनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, एकाच अटीवर हो म्हटलं, शेवटच्या दिवशी भिंत धुऊन द्यायची. रोज साडेचारला शाळा सुटली की मुली अर्धा-पाऊण तास मागे थांबायच्या.

आकृती काढायची पायल. (सगळी नावं बदलली आहेत.) पायल वर्गात बोलत नसे. मला ती आवडायची, कदाचित म्हणूनच. पण तिचा हात बघण्यासारखा होता. ती डावखुरी होती. शेणाची बारीक वळी वळून भिंतीवर बसवायची आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला डाव्या अंगठ्याने एक खळगा पाडायची. त्या खळग्यात पाकळी. बाकीच्या मुली फुलं तोडून द्यायच्या आणि खुशबू सूचना द्यायची.

पहिले तीन-चार दिवस असेच गेले. तिजेच्या दिवशी पायल स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. खूप वेळ. मी वह्या तपासत होते. शेवटी तिने विचारलं, “मैडम, बोर्ड के फॉर्म की लास्ट डेट कब है?”

मी सांगितली. पितृपक्ष संपता संपता येत होती.

“और लड़की खुद नी आए तो? मम्मी भर दें तो?”

“नहीं, सही तुम्हारी लगेगी, फोटो भी यहीं खिंचेगा,” मी म्हणाले.

ती “जी” म्हणाली. तरी गेली नाही. मला समजलं की तिला अजून काही सांगायचंय. मी वर बघून “काय झालं?” एवढंच विचारायला हवं होतं. पण कुणाच्या घरच्या गोष्टीत शिरायची मला भीती वाटते... मी पुढची वही ओढली. ती गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. हजेरीला खुशबू म्हणाली, “गाँव गई मैडम, धरमपुरी के वहाँ। उसके दादाजी का श्राद्ध है, पापा ले गए।”

पण मधल्या सुट्टीत मुली धावत आल्या. मागच्या भिंतीवर चौपट काढलेला होता. तिजेची आकृती खरवडलेली, खाली नीट गोळा केलेली, आणि तिच्या जागी चौथीचा चौपट. शेण ओलं. प्रत्येक रेघेच्या टोकाला खळगा.

त्या दिवशी कुणाला काहीच विशेष वाटलं नाही. सगळ्यांची समजूत अशी झाली, की गावाला निघण्याआधी पहाटे येऊन ती काढून गेली असणार. “देखो, कितनी सयानी है,” खुशबू म्हणाली. “हमारे भरोसे नी छोड़ी।”

पंचमीला सकाळी शाळा उघडली तेव्हा तिथे कुंवारे होते. मात्र चारच. पाचव्याच्या जागी नुसता पुसलेला ओला डाग. मुली हसून हसून बेजार झाल्या.

“एक की शादी हो गई!”

“भाग गया होगा, दहेज माँग रहे होंगे।”

खुशबू मला ओढतच घेऊन गेली. “मैडम, फोटो लो ना, आपका फोन अच्छा है।” मी फोटो काढला. दहा बावन्न झाले होते. ती वेळ पुढे मला कितीदा पाहावी लागणार होती, ते तेव्हा माहीत नव्हतं.

शाळेची किल्ली लीलाबाईंकडे असते. त्या आमच्या प्यून. मी त्यांना विचारलं, सकाळी कोण येतं? त्यांनी पदराची गाठ सोडून किल्ली दाखवली. “चाबी तो म्हारे पल्ले में बंधी है, मैडम। म्हारे से पेले कोई नी आय।” कंपाउंडची भिंत उंच नाही, कुणीही चढून येऊ शकतं, हे मला दिसत होतं. मला खुशबूचा संशय होता. मी तिला एकटीला गाठून विचारलं. तिला रागही आला आणि हसूही. “मैडम, मेरे हाथ की संजा देखी है आपने? डोकरा-डोकरी बनाती हूँ तो डोकरी कौन-सी है, वो भी पता नी चलता!” ते खरं होतं. पायल गेल्यावर एका संध्याकाळी खुशबूने भिंतीच्या कडेला एक फूल काढून पाहिलं होतं. ते भज्यासारखं दिसत होतं.

स्टाफरूममध्ये मी विषय काढला तो फक्त मुळे मॅडमजवळ. त्या संस्कृत शिकवतात, जुन्या देवासच्या मराठी घरातल्या आहेत. “श्राद्धपक्षात असे काही होत असते, असे आमच्या मातोश्री म्हणत,” त्या चष्मा पुसत म्हणाल्या. “मी आपली विभक्त्या शिकवते, बाळ. त्यापलीकडचे मला विचारू नकोस.”

षष्ठीला सहा पाकळ्यांचं फूल. सप्तमीला सातिया. रोज सकाळी, ओलं, खळग्यांसकट. मुली आता हसत नव्हत्या, पण घाबरतही नव्हत्या. संध्याकाळी त्याच आकृतीसमोर आरती करायच्या आणि घरी जायच्या. त्यांच्या दृष्टीने संजा मांडली जात होती, एवढं पुरेसं होतं. मी मात्र रोज फोटो काढत होते. कारण शोधायचं तर नोंद हवी, असं मला वाटत होतं.

सप्तमीला शाळा सुटल्यावर बड्या मॅडमनी मला पायलच्या घरी पाठवलं. फॉर्म राहिलेल्यांत तिचं नाव होतं. जायला मी टाळाटाळ केली, पण दुसरं कुणी मोकळं नव्हतं.

एक खोली. खाट, टॉवेलने झाकलेला टीव्ही, भिंतीला टेकवलेला पाण्याचा पिंप. पायलची आई सुगनाबाई नुकत्याच शिफ्टवरून आल्या होत्या. कारखान्याचा निळा एप्रन अजून अंगावर. त्यांनी मला खाटेवर बसवलं आणि स्वतः खाली बसल्या.

“आ जाएगी मैडम जी, अमावस से पेले आ जाएगी,” त्या म्हणाल्या. “उसके पापा ने मेरे को बोला है। पेले फॉर्म भरेंगे। लड़के वालों की बात नवरात्रि में करेंगे, उसके पेले कोई बात नी। श्राद्ध में तो वैसे भी कौन करता है।”

लड़के वाले! दारात उभी राहिलेली पायल मला आठवली.

“अभी तो पंद्रह की है,” मी कसंबसं म्हटलं.

“मैं चौदह की थी,” सुगनाबाई म्हणाल्या. भांडायच्या सुरात नाही, नुसतं सांगितलं. “इसीलिए तो बोल के रखा है, दसवीं करेगी। मेरी पाँचवीं हुई है मैडम जी। डब्बे पे लिखा पढ़ लेती हूँ, सुपरवाइजर क्या लिखता है वो नी पढ़ पाती।”

मग मला बरं वाटावं म्हणून असेल, त्यांनी फोन पुढे केला. “देखो, वहाँ भी संजा बना रही है। काकी के फोन से रोज फोटो भेजती है।”

पहिलाच फोटो पंचमीचा होता. गावाकडची मातीची भिंत. चार कुंवारे. पाचव्याच्या जागी पुसलेला डाग.

फोटोबरोबर आवाजाचा मेसेज होता. त्यांनी तो लावला. पायलचा आवाज मी वर्गात इतका मोकळा कधीच ऐकला नव्हता. “मम्मी, अभी पाँच कुंवारे बनाए थे। गुड्डी ने एक पे हाथ रख दिया, मिट गया। अब गोबर खतम, तो चार ही रेने दिए।” मागे एक लहान मुलगी रडत होती. ती गुड्डी, पायलच्या काकाची पाच वर्षांची मुलगी, असं सुगनाबाईंनी सांगितलं.

मेसेजवर वेळ होती संध्याकाळी सहा वीस. तारीख पंचमीचीच.

माझा फोटो त्याच दिवशी सकाळी दहा बावन्नचा होता.

मी फोन परत दिला. “अच्छा बनाती है,” म्हटलं. पर्समधला माझा फोन बाहेर काढला नाही. रस्त्यात एका किराणा दुकानाच्या पायरीवर बसून तो उघडला आणि पुन्हा पुन्हा वेळ बघितली. शेणाचा तो डाग, त्याची तिरकी शेपटी, तिसऱ्या कुंवाऱ्याचा जरा आखूड पाय... सगळं तेच. कुणी पायलचे फोटो बघून आमच्या भिंतीवर नक्कल करतंय असं म्हणायचं, तर आमची भिंत साडेसात तास पुढे होती. पाच वर्षांच्या मुलीने चुकून हात ठेवून पुसलेला कुंवारा आमच्याकडे तिच्याआधीच पुसला गेला होता.

मी हे कुणालाच सांगितलं नाही. आईलाही नाही. त्यानंतरचे तीन दिवस मी शाळेत पोचले की पहिल्यांदा मागे जायचे. अष्टमीला आठ पाकळ्यांचं फूल, नवमीला (रविवार होता, तरी मी जाऊन आले) म्हातारा-म्हातारी, दशमीला पंखा. एक गंमत सांगते, मला त्याची सवय झाली होती. आज संध्याकाळी पायल तिकडे काय करणार आहे ते मला सकाळीच दिसतंय, म्हणजे ती ठीक आहे, असं मी मनाशी धरून चालले होते.

एकादशीला भिंत कोरी होती.

दशमीचा पंखा खरवडलेला होता. खाली तो गोळाही करून ठेवला होता. पण नवीन काही नव्हतं. मुली आल्या, बघून गेल्या. “थक गई होगी,” कुणीतरी म्हणालं. कोण थकली असेल, हे कुणी विचारलं नाही.

मी वर्गात गेले. टेन्सेस शिकवायचे होते. फळ्यावर तारीख लिहिली आणि तिथेच थांबले. भिंत जर संध्याकाळचं सकाळी दाखवत असेल, तर आज संध्याकाळी पायल संजा मांडणार नाही. अकरा दिवसांत एकदाही न चुकलेली मुलगी. का नाही मांडणार?

दुसरा पिरियड संपल्यावर मी मुळे मॅडमना म्हटलं, “माझा वर्ग बघाल का थोडा वेळ?” त्यांनी काही न विचारता पुस्तक उचललं.

सुगनाबाईंची त्या दिवशी दुपारची शिफ्ट होती, म्हणून त्या घरी सापडल्या. मी दारातच उभी राहून सगळं वाक्य एका दमात बोलले, नाहीतर बोलता आलं नसतं. “आज पायल संजा नहीं बनाएगी। आप अभी फोन लगाइए।”

“आपको किसने बोला?”

मी फोन उघडून त्यांच्या हातात दिला. चौपटाचा फोटो माझ्याकडे नव्हता, पण पंचमीपासूनचे होते. त्यांनी एकेक सरकवला. वेळेकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. खळग्यांवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “ये तो उसी के हाथ का है।” मग मागचा लिंब, हातपंप त्यांना दिसला. “ये तो स्कूल है।”

“हाँ।”

“और आज?”

“आज खाली है।”

मला वाटलं होतं त्या घाबरतील, देवाचं नाव घेतील. त्यांनी फक्त फोन लावला. काकीने उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा उचलला तो गुड्डीने. फोन स्पीकरवर होता.

“गुड्डी, दीदी कहाँ है बेटा?”

“दीदी को तो मेंदी लग री है। बदनावर जा रे हैं न सब, दोपहर को। दीदी की सगाई है। मेरे को नी ले जा रे।” गुड्डीला स्वतःचंच दुःख होतं.

 बदनावरला मुलाकडचं घर होतं, मंडीत हमाली करणारी माणसं. नवरात्रीत बोलणी करायची असं सुगनाबाईंना सांगून ठेवलं होतं आणि इकडे त्यांना न कळवता सगळं आजच उरकायचं ठरलं होतं.

“बड़े ताऊजी हैं वहाँ, बेटा? फोन दे उनको।”

आता जे झालं, ते समजण्यासाठी एक गोष्ट माहीत हवी. त्यांच्याकडे सून नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, जेठाशी, बोलत नाही. समोर आला तर डोक्यावरून पदर ओढून बाजूला होते. सुगनाबाईंच्या लग्नाला सतरा वर्षं झाली होती. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं, सतरा वर्षांत त्यांचा आवाज जेठाच्या कानावर गेला नव्हता.

पलीकडून पुरुषाचा आवाज आला, “हलो?”

सुगनाबाईंनी आधी पदर ओढला. हनुवटीपर्यंत. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं, तरी ओढला. आणि पदराच्या आतून बोलल्या.

“जेठजी, मैं बोल रही हूँ। पायल की मम्मी।”

उत्तराची वाट न बघता त्या पुढे बोलल्या.

“परसों आपने बाबूजी का श्राद्ध करा। कौवे को खीर डाली। उसी हाथ से आज लड़की की सगाई का नारियल झेलोगे? सराद में? बाबूजी को क्या मुँह दिखाओगे?”

“लड़के वालों को जल्दी थी...” असं काहीतरी ऐकू आलं. आवाज पडलेला होता. आपण जे करतोय ते करू नये, हे त्यांना आधीच कळत होतं बहुतेक.

“उनके घर में पितर नी हैं क्या? मैं आ रही हूँ। लड़की देहरी से बाहर पाँव नी रखेगी। इनको बोल देना।”

फोन ठेवून त्यांनी पदर मागे घेतला. चेहरा घामाने भिजला होता. माझाही. मग त्यांनी पिशवीत एक साडी कोंबली, आपण शिफ्टला येणार नाही असा निरोप शेजारणीकडे दिला आणि इंदूरमार्गे गावी जायला बसला निघाल्या. मी चौथ्या पिरियडला वर्गावर परत आले. मुळे मॅडमनी मुलींना कोणतं तरी सुभाषित पाठ करायला लावलं होतं. फळ्यावर माझी अर्धवट तारीख तशीच होती.

बारसेलाही भिंत कोरी. तो दिवस फार लांबला.

तेरसेला सकाळी अकराच्या सुमारास सुगनाबाई पायलला घेऊन थेट शाळेतच आल्या. बसमधून उतरून घरीसुद्धा गेल्या नव्हत्या. खुशबूने वर्गातूनच आरोळी ठोकली. मी पायलला लिंबाखाली नेलं आणि फोटो दाखवले. वाटलं, तिच्याकडे काहीतरी उत्तर असेल.

तिने सगळे बघितले. पंचमीच्या फोटोवर थांबली. वेळही तिने स्वतःच वाचली, मला सांगावी लागली नाही. मग म्हणाली, “मैं तो रोज यही सोचती थी मैडम, कि यहाँ की दीवार खाली पड़ी होगी। मैंने ही शुरू की थी, मैंने ही अधूरी छोड़ दी।”

“ग्यारस को?” मी एकादशीचं विचारलं.

“बनानी थी। गोबर भी ले आई थी। काकी ने हाथ धुलवा दिए।”

मग तिने इकडेतिकडे बघितलं. “मैडम, ये मिटा दो। पापा को पता चला ना, तो बोलेंगे लड़की को कुछ लग गया। मम्मी ने मुश्किल से हाँ करवाई है। फिर पढ़ाई-वढ़ाई सब गई।”

माझ्याकडे पुरावा म्हणावं असं तेवढंच होतं. पण ती खरं बोलत होती. वस्तीत अशी गोष्ट फिरायला एक संध्याकाळ पुरते, आणि त्यानंतर त्या मुलीला कुणी मुलगी म्हणून बघत नाही. मी तिच्यासमोर एकेक फोटो काढून टाकला. पंचमीचा शेवटी. त्यामुळे वाचकांनी कृपया फोटो मागू नयेत. ती आता दुसऱ्या शाळेत अकरावीत आहे. हे छापायला पाठवते आहे ते तिला विचारूनच.

मी अजूनही साधं कारण शोधते. फोनच्या वेळा चुकल्या असतील का? तपासल्या होत्या, बरोबर होत्या. कुणी मुलीने गंमत केली असेल का? तर मग गुड्डीच्या हाताचं काय. मी आणि सगळा वर्ग मिळून काही भलतंच बघत होतो का? तर सुगनाबाईंनी फोटोत बघितलं ते काय होतं. एवढं मात्र खरं, की त्या दिवशी भिंत कोरी नसती तर मी पिरियड सोडून कुणाच्याही दारात गेले नसते. त्याहून पुढे मला काही सांगता येत नाही. कुणाला येत असेल तर जरूर लिहा.

फॉर्मचं सांगायचं राहिलं. तो त्याच दिवशी भरला. ऑफिसात ऑनलाइन फॉर्म भरणारे सर बसले होते, मागे मुलींची रांग होती. पायलचा फोटो निघाला, प्रिंट आली, सरांनी सहीची जागा दाखवून पेन पुढे केलं. तिने डावा हात पुढे केला. कोरा. उजवा हात टेबलावर कागद धरायला ठेवला, त्यावर मनगटापर्यंत गडद मेंदी.

“अरे वा,” सर म्हणाले. “दूसरे हाथ की कहाँ गई?”

“रह गई, सर,” पायल म्हणाली आणि सही केली.